राहायला की यायला?

घर शोधायला सुरुवात केली त्या दिवशी आम्ही दोघांनी वहीच्या मागच्या पानावर एक यादी केली. नऊ कलमे होती. कार्पेट साडेसहाशे चौरस फुटांच्या खाली नको. लिफ्ट हवी, आणि वीज गेली तरी ती चालायला हवी. स्वच्छतागृहे दोन हवीत, त्यांतले एक आईच्या खोलीला लागून. पाणी महापालिकेचे हवे, टँकरचे नको. दवाखाना दहा मिनिटांत गाठता यावा. झोपायच्या खोलीवर पश्चिमेचे ऊन नको. गाडीला हक्काची जागा हवी. कागदपत्रे स्वच्छ हवीत. आणि नववे कलम माझ्या हट्टाचे : पुस्तकांसाठी एक अखंड भिंत हवी. ही यादी घेऊन आम्ही सात-आठ महिने पुण्यात फ्लॅट पाहत होतो. पाहायचा, कलमांपुढे खुणा करायच्या आणि खाली उतरता उतरता निकाल लावायचा. एक चांगला फ्लॅट तर केवळ स्वयंपाकाच्या ओट्यामागची एक टाइल तडकलेली होती म्हणून आमच्या मनातून उतरला.

नोव्हेंबरात एका लग्नासाठी राजापूर तालुक्यात गेलो होतो. जवळच्या गावातले एक घर विकायचे आहे असे तिथे कळले. घ्यायचा विचार नव्हता. हातात अर्धा दिवस मोकळा होता म्हणून पाहायला गेलो. जांभ्याचा गडगा, आत खळे, चार पायऱ्या चढून ओटी. ओटीवर झोपाळ्याच्या कड्या होत्या, झोपाळा नव्हता. मालकांच्या पुतण्याने कुलूप काढले. माजघरात शिरल्यावर डोळ्यांना दिसू लागायला थोडा वेळ लागला. उन्हातून आलेल्या अंगाला गारवा आधी कळला. ओटीला नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या, माजघरात कोबा, मागच्या पडवीला सारवलेली जमीन. परसात विहीर, तिच्यावर रहाटाचे खांब. देवघराच्या भिंतीला वरपासून कोनाड्यापर्यंत गेलेला एक तडा होता. बायको त्याच्यावरून हात फिरवत म्हणाली, “वय झालंय हो घराचं.” मी मान डोलावली. टाइलच्या तड्यावरून फ्लॅट नाकारणारी माणसे आम्हीच.

परतीच्या प्रवासात आम्ही दोघे त्या घराबद्दलच बोलत होतो. झोपाळा कुठून आणायचा इथपर्यंत गाडी गेली होती. घरी आल्यावर मी वही उघडली. नऊ कलमांपैकी त्या घराने दोनच पुरी केली होती : क्षेत्रफळ आणि पुस्तकांची भिंत. संडास परसात पन्नास पावलांवर होता. दवाखाना तासाभराच्या अंतरावर. कागदांवर सात जणांची नावे होती, त्यांतल्या दोघांचा ठावठिकाणा पुतण्यालाही नीट सांगता आला नव्हता. पण यातली एकही गोष्ट साडेसात तासांच्या प्रवासात आमच्यापैकी कोणी काढली नव्हती.

घरांचा इतिहास हा माझा बरीच वर्षे वाचनाचा विषय आहे. वाडे, चाळी, गावाकडची घरे यांची मोजमापे आणि टिपणे मी हौसेने जमवत आलो. पण घर पाहणाऱ्याच्या डोळ्यांचाही काही इतिहास असतो, हे त्या रात्री प्रथम लक्षात आले. यादी इतकी सहज कशी विसरली जाते? जुने, देखणे घर समोर आले की आवड नेमकी कुठे आणि कशी बदलते? या लेखात मी त्याचा माग काढायचा प्रयत्न केला आहे.

तड्याचे दोन अर्थ

व्हिएन्नातील कला-इतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ मध्ये स्मारकांविषयी एक निबंध लिहिला. ऑस्ट्रियातील जुन्या वास्तूंच्या जतनाचे धोरण ठरवण्याच्या कामातून तो निघाला होता. जुन्या वास्तूत माणसे काय पाहतात याची रीगल यांनी त्यात वर्गवारी केली. त्यांतल्या दोन कल्पना आपल्या कामाच्या आहेत. एक नव्हाळीचे मूल्य : वस्तू अखंड, रेखीव, न वापरलेली असावी यातला आनंद. दुसरे वयाचे मूल्य : काळ, ऊन, पाऊस आणि हात लागून वस्तूवर उमटलेल्या खुणांतला आनंद. नव्हाळीचे मूल्य कोणालाही शिकवावे लागत नाही, असे रीगल म्हणतात. वयाच्या मूल्यालाही विद्वत्ता लागत नाही. त्या वास्तूचा इतिहास ठाऊक नसलेल्या माणसालाही ते जाणवते. मात्र ही दोन्ही मूल्ये एकाच वस्तूकडून एकाच वेळी मागता येत नाहीत. जुनी भिंत नवी करकरीत केली, की दुसरे मूल्य गेलेच.

आमच्या दोन तड्यांचा उलगडा इथे होतो. फ्लॅट आपण नवा म्हणून पाहतो, नव्याचे पैसे मोजतो. त्यातला तडा हा शब्द मोडल्यासारखा असतो. जुन्या घराने तसा शब्द दिलेलाच नसतो. त्याला आपण आत शिरण्यापूर्वीच वय बहाल केलेले असते आणि मग प्रत्येक उणीव त्या वयाच्या खात्यात जमा होते. खाली-वर झालेली फरशी, दाराच्या चौकटीची झीज, उंबऱ्याचा मधोमध आलेला खोलगटपणा, सगळे तिथेच जाते.

फ्लॅटची आवड आकड्यांत मावते हेही एक कारण आहे. ‘रेरा’ कायद्यानंतर विक्री कार्पेट क्षेत्रावर व्हायला लागली, त्यामुळे दोन फ्लॅटांची तुलना आणखी सोपी झाली. जुन्या घराची तुलना कशाशी करायची? ओटी ही ना बैठकीची खोली, ना बाल्कनी. माजघराला आपल्या यादीत रकानाच नाही. मोजायची पट्टी लागू पडेनाशी झाली, की माणूस अंगाने मोजू लागतो : गारवा, वास, पावलांचा आवाज, बसावेसे वाटणे. आमची यादी खोटी ठरली नव्हती. ती त्या घरात चालली नाही, म्हणून आम्ही खिशात ठेवून दिली आणि तिथेच विसरलो.

पण रीगल यांचा खरा विषय स्मारक हा होता आणि राहत्या वास्तूला उपयोगाचेही मूल्य असते, ते वयाच्या मूल्याशी भांडते, हे त्यांनी मान्य केले होते. वासा वाकलेला आहे म्हणून छप्पर सुंदर दिसत असेल, तरी त्याच्याखाली ज्याला झोपायचे आहे त्याला ते सौंदर्य परवडत नाही.

मधला टाकाऊ काळ

ही आवड पूर्वी नव्हती का? माझ्या लहानपणी तरी आमच्या ओळखीत कोणाला नव्हती. मी पुण्याच्या एका पेठेतल्या वाड्यात वाढलो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, वाड्यात तेरा बिऱ्हाडे, दोन संडास, चौकात एक नळ. भाडे महिना अठरा रुपये. १९८३ मध्ये आम्ही दोन खोल्यांच्या ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’मध्ये राहायला गेलो. हा शब्द त्या काळी घरोघरी होता आणि ‘संडास घरात’ एवढाच त्याचा अर्थ होता. पहिल्या दिवशी आई आतून कडी लावून, काही काम नसताना, पाच मिनिटे तिथे नुसती उभी राहिली होती. दाराबाहेर कोणी डबा घेऊन थांबलेले नाही याची तिला खात्री करून घ्यायची होती. हे तिनेच पुढे हसत सांगितले. वाड्याच्या सागवानी खांबांची आठवण तेव्हा कोणी काढली नाही.

मायकेल थॉम्पसन या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाचे ‘रबिश थिअरी’ हे पुस्तक १९७९ मध्ये आले. त्याने वस्तूंचे तीन वर्ग केले. काही वस्तूंची किंमत वापराने घटत जाते. काहींची काळाबरोबर वाढते. आणि या दोहोंमध्ये एक टाकाऊ वर्ग असतो, ज्याची किंमत शून्य धरलेली असते आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. थॉम्पसनचे म्हणणे असे, की पहिल्या वर्गातली वस्तू तिसऱ्यात जाते ती या टाकाऊ वर्गातून. त्याने दिलेल्या उदाहरणांत उत्तर लंडनमधली जुनी घरे आहेत. ती खालावली, त्यांत दाटीने भाडेकरू राहू लागले, पाडण्याजोगी ठरली. मग काही शिकलेल्या मध्यमवर्गीयांनी ती घेतली, डागडुजी केली आणि तीच घरे वारसा म्हणून मिरवू लागली.

आपल्याकडे हा टाकाऊ काळ कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या वाड्यांवर तो बऱ्याच अंशी भाड्याच्या कायद्यातून आला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे आधाराला धरून भाडी बांधून टाकली. फाळणी आणि टंचाईच्या त्या काळात भाडेकरूला संरक्षणाची गरज होती, आमच्यासारखी कुटुंबे त्यामुळेच शहरात टिकली. पण अठरा रुपयांत मालक कौले बदलत नाही आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरूही बदलत नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले. पुढे १९६३ आणि १९७० च्या कायद्यांनी फ्लॅटच्या मालकीला आधार मिळाला आणि वाड्यापेक्षा वाड्याखालची जागा मोलाची झाली. महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तोवर अनेक चौकांत इमारती उभ्या राहिल्या होत्या. वाडे दुर्मिळ झाल्यावर मात्र त्यांतून निघालेले खांब, तुळ्या, महिरपी यांना गिऱ्हाईक आले. हॉटेले आणि मंगल कार्यालये ‘वाडा’ हे नाव लावू लागली. ज्या पिढीने नळावर रांग लावली होती, तिच्या मुलांना चौक आवडू लागला.

कोकणातल्या घराची वाट वेगळी. अशी कितीतरी घरे मुंबईच्या पगारातून, मनिऑर्डरीतून उभी राहिली. पुढे मुंबईकरांची मुलेही मुंबईचीच झाली आणि घर गणपती-शिमग्यापुरते उघडू लागले. एकाचे तीन, तिघांचे सात वारस झाले. घराला कुलूप लागले आणि कुलपामुळेच ते जसेच्या तसे राहिले. कोणाकडे पैसे आणि एकमत असते, तर त्याच्यावर केव्हाच स्लॅब पडला असता.

इथे आणखी एक गंमत आहे. आपल्याला जे कौलारू घर पुरातन वाटते, ते आपल्या काळी अगदी नव्या आवडीचे होते. मंगलोरी कौल हा कारखान्याचा माल. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी गवताचे छप्पर, नाहीतर कुंभाराने चाकावर घडवलेले नळे. ओटीवरच्या नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या आधी विलायतेहून येत. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्स कंपनीने त्या स्वदेशीच्या हिमतीवर इथेच बनवायला घेतल्या. ज्या आजोबांनी गवत काढून मंगलोरी कौले चढवली आणि ओटीला रंगीत फरशी घातली, त्यांना जुन्याचे काही कौतुक नव्हते. त्यांना गळके छप्पर नको होते आणि चारचौघांत उठून दिसायचे होते. आपण त्यांच्या नव्याच्या हौसेला जुने म्हणून भाळतो.

देखणेपण कशाने बनते

हा सारा नजरेचाच खेळ म्हणावा, तर तेही खरे नाही. माजघरातला गारवा आम्ही कल्पिलेला नव्हता. जुन्या घरात जे जे मनात भरते, त्यातले पुष्कळसे एकेकाळी काहीतरी काम करण्यासाठी होते, आणि अजूनही करते.

जांभ्याची भिंत दीड फुटाची असते. दिवसाची उष्णता ती हळूहळू शोषते आणि आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये या दगडाला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, कारण मलबारात लोक तो विटेसारखा कापताना त्यांनी पाहिला होता. उंच छपराखाली गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. छपराचा तीव्र उतार आणि भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेली पागोळी रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसासाठी आहेत. माजघर अंधारे, कारण खिडक्या लहान. खिडक्या लहान, कारण ऊन आणि पावसाची झड आत नको. ओटीवर बसावेसे वाटते, कारण ती सावलीत असूनही वाऱ्यावर आहे.

भिंतीचा चुना तर आपण केवळ रंगासाठी पाहतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगडासारखा होत जातो. तो ओल अडवून धरत नाही. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल उन्हाळ्यात त्यातून बाहेर पडते. आता आपल्यासारखा कोणी घर घेतो आणि पोपडे धरलेली भिंत बघून तिच्यावर सिमेंटचे प्लास्टर आणि वर न धुपणारा रंग मारतो. ओल आत अडकते, वर चढते, दोन वर्षांत प्लास्टर फुगते. कौले काढून पत्रा घातला की गारवा जातो. पत्र्याखाली गरम होते म्हणून फॉल्स सीलिंग, सीलिंगमुळे कोंदट होते म्हणून एसी. एसीसाठी दारे-खिडक्या बंद. घर घेतले ते ज्या गोष्टींसाठी, त्या एकेक करून आपणच काढून टाकतो. देखणेपण हा घरावर चढवलेला दागिना आहे अशा समजुतीने दुरुस्ती केली, की असे होते. तो घराच्या कामाचाच भाग होता.

आणि या कामात माणसांचे कामही होते. चुलीचा धूर कौलांतून बाहेर जाताना वाशांना काजळी धरवी, त्यामुळे किडीला आळा बसे. बंद घरात धूर नाही, वारा नाही, म्हणून वाळवी आधी बंद घराला लागते. दर वर्षी पावसाआधी छपरावर चढून फुटकी कौले बदलायची, सरकलेली परतायची. वानरे दर वर्षी ती फोडणारच. पडवीला झापांचा आडोसा बांधायचा. मागची जमीन आठवड्याला सारवायची. ‘जुनी घरे कशी टिकतात बघा’ असे आपण म्हणतो. ती टिकत नव्हती, कोणीतरी ती दर वर्षी टिकवत होते.

काकूंचा प्रश्न

पुण्याला आल्यावर आम्ही आईला फोटो दाखवले होते. तिने ते मोबाइलवर बोटाने मोठे करून पाहिले. ओटीपाशी थांबली नाही, माजघरापाशी थांबली नाही. परसाच्या फोटोत कोपऱ्यात संडासाचे छप्पर दिसत होते, ते तिने मोठे केले. म्हणाली, “रात्री पावसात मला इथवर कोण नेणार? तू?” मग फोन परत देत म्हणाली, “मी एकदा सुटलेय यातून.”

तिच्या या वाक्याने मी पुन्हा विचार करू लागलो. जुलैत मी एकटाच त्या घरी परत गेलो, पावसात कसे दिसते ते पाहायला. या वेळी दार उघडे होते. मालकांपैकी एकाच्या पत्नी, सत्तरी ओलांडलेल्या काकू, चार दिवसांसाठी येऊन राहिल्या होत्या. त्या घरात त्यांनी लग्नानंतरची अडतीस वर्षे काढली; आता मुलाकडे रत्नागिरीला असतात. माजघरात दोन ठिकाणी पातेली मांडली होती आणि त्यांत टपटप चालू होती. नोव्हेंबरात गारवा वाटलेली हवा आता ओलसर, जड होती. काकूंनी चहा दिला आणि सरळ विचारले, “तुम्ही घर राहायला घेताय की यायला?”

मला उत्तर देता आले नाही. त्या समजून हसल्या. “यायला घेणारे ओटी बघतात. राहायला घेणारा आधी विहीर बघतो. मेमध्ये तिला पाणी किती राहतं, ते तुम्ही विचारलंच नाही.” मग त्यांनी मला घर दाखवले, आणि ते आधी पाहिलेले घर नव्हते. वैनात पाणी कुठून शिरते, कोणता वासा बदललेला आहे, कोणत्या कोपऱ्यात साप निघतो. मागच्या पडवीचा एक कोना दाखवून म्हणाल्या, “चार दिवस इथे. पावसातही.” पुढे खळ्याकडे बोट केले : “आणि कुळं, कामाची माणसं, ती तिथे. सगळ्यांनाच काही पायरी चढायची मुभा नव्हती.” मी ज्या चार पायऱ्यांचे मोजमाप कौतुकाने वहीत लिहिले होते, त्या कोणी कुठवर यायचे हे ठरवण्यासाठीही होत्या.

घर पाहणाऱ्याच्या आवडीविषयी मी जे वाचले आणि जुळवले, ते काकूंच्या एका प्रश्नात बसते. जुने घर समोर आले की आपली आवड सुधारत नाही किंवा बिघडत नाही. आपण राहणाऱ्याचे पाहुणे होतो. फ्लॅट पाहताना आपण दहा वर्षांनंतरचे आजारपण, पाणीकपात, मुलांची परीक्षा असे सगळे डोळ्यांपुढे ठेवतो. जुने घर पाहताना एक सुट्टीची दुपार डोळ्यांपुढे ठेवतो. पाहुण्याला घराचे रूप दिसते, कारण घराची कामे त्याच्याकडे नसतात. ही नजर खोटी नाही. काकूंना अडतीस वर्षांत त्या फरश्यांची नक्षी कधी निवांत पाहता आली नसेल. पण या नजरेने घर विकत घेता येत नाही, आणि वाचवताही येत नाही.

म्हणून कोणी असे घर पाहायला निघाले, तर आता मी एवढे सांगतो. पहिल्यांदा पाहाल ते हिवाळ्यात. दुसऱ्यांदा जुलैत पाहा आणि तिसऱ्यांदा मेच्या शेवटी, विहिरीचा तळ दिसतो का ते बघायला. वाशांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे ठोकून पाहा. वाळवी आणि कूज तिथून सुरू होते. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. घराभोवतीची बाग सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणून असेल, तर १९४८ च्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही. घर आपले आणि आंबा दुसऱ्याचा, अशी अवस्था होते. वारसांत बहिणींचाही हिस्सा आहे हे गृहीत धरा, त्यांच्या सह्या आधी मागा. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावणारा गवंडी आधी शोधा, घर नंतर. आणि त्या घरात राबलेली एखादी बाई हयात असेल, तर इसार देण्यापूर्वी तिच्यासोबत घर एकदा पाहा.

आमच्यापुरते सांगायचे, तर त्या सात नावांतल्या दोन सह्या मिळण्याची चिन्हे नव्हती. पण ते निमित्त झाले. काकूंच्या प्रश्नाचे आमचे खरे उत्तर ‘यायला’ हेच होते, आणि एवढ्या घराला वर्षातून चार वेळा येणारा मालक पुरत नाही. आम्ही पुण्यातच, तीस वर्षे जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे. आईच्या खोलीला लागून स्वच्छतागृह आहे. पुस्तकांची भिंत मात्र खिडकीने मधोमध तोडली आहे.

घर घेत नाही हे आईला सांगितले, तेव्हा ती बरे म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पण त्या काकू पुन्हा येतील तेव्हा विचार. मला एक दिवस नेऊन ओटीवर बसव. दुपारचा चहा तिथे घेऊ, आणि अंधाराच्या आत निघू.”

काकूंना फोन केला आहे. गणपतीला त्या येणार आहेत.